संत गोन्सालो गार्सिया : समाधान आणि आकांक्षा



ज्युबिलीचें वर्ष हें उपकारस्मरणाचें वर्ष होय. परमेश्वरानें आजवर जें दिलें त्याबद्दल आपण त्याचे आभार मानतों; आणि त्याच प्रार्थनेच्या अखेरीस, जें अद्याप मिळालें नाहीं तें त्याजपाशीं मागतों. उपकारस्तुति आणि याचना या दोन्ही एकाच अंतःकरणांतून निघतात, तरी त्यांचा मेळ घालणें सोपें नाहीं. जें पदरीं आहे त्यांत सुख मानावें, कीं निराळ्या जीवनाची इच्छा धरावी? इच्छा धरणाऱ्यास लोक असंतुष्ट म्हणतात आणि स्वस्थ राहणाऱ्यास आळशी म्हणतात. बिचाऱ्या संसारी माणसानें कोणाचें ऐकावें?

दिव्यास राहणाऱ्यांस तर हा प्रश्न रोजचा आहे. दिवा हें आगगाडीचें जंक्शन. येथून एक वाट ठाण्यावरून मुंबईस, एक कल्याणास, एक पनवेलीवरून कोंकणांत आणि एक भिवंडीवरून वसईस जाते. येथील मूळच्या कुटुंबांखेरीज आपणांपैकीं बहुतेकांचे वाडवडील दुसरीकडचे. कोणी पोटासाठीं आले, कोणी मुंबईंतील भाडें परवडेना म्हणून आले. सकाळच्या गाडींत उभ्यानें प्रवास करतांना प्रत्येकाच्या मनांत दुसऱ्या एखाद्या जीवनाचें चित्र असतें : अधिक मोठी जागा, स्वतःचा धंदा, मुलाला परदेशीं नोकरी. तें चित्र मनांत बाळगणें हा दोष आहे काय? या प्रश्नाचें उत्तर केवळ उपदेशानें देण्यापेक्षां, दिव्याची गाडी ज्या वसईस जाते तेथें सुमारें पावणेपांचशें वर्षांपूर्वीं जन्मलेल्या एका पुरुषाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवतों. ते म्हणजे हिंदुस्थानांत जन्मलेले पहिले संत, संत गोन्सालो गार्सिया.

जन्म आणि शिक्षण

१५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. पुढें खाडीच्या तोंडाशीं मोठी तटबंदी उभी राहिली, आंत ख्रिस्तमंदिरें, मठ व विद्यालय झालें, आणि वसई हें उत्तरेकडील पोर्तुगीज मुलुखाचें मुख्य ठाणें बनलें. या शहरांत सुमारें १५५७ सालीं गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज होते व आई या देशची होती. अशा घरांत वाढणाऱ्या मुलास दोन जगें जन्मतःच मिळतात, पण दोहोंपैकीं एकही पुरतें त्याचें होत नाहीं. राज्यकर्ते त्यास इथला समजतात आणि इथले त्यास राज्यकर्त्यांचा समजतात. गोन्सालो यांच्या पुढील आयुष्यांतील एका मोठ्या निराशेचें मूळ या जन्मांतच होतें.

किल्ल्यांत येशूसंघाच्या धर्मगुरूंचें विद्यालय होतें. तेथें गोन्सालो यांचें शिक्षण झालें. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ सालीं जपानांत उतरले होते, आणि त्यांच्या मागून गेलेल्या धर्मगुरूंच्या पत्रांनीं पूर्वेकडील त्या बेटांची कीर्ति सर्वत्र पसरविली होती. अशा वातावरणांत वाढलेल्या मुलाच्या मनांत आपणही त्या संघाचे व्हावें अशी इच्छा उत्पन्न झाली, यांत नवल नाहीं. तरुणपणींच ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर वसई सोडून जपानास गेले.

न उघडलेलें दार

जपानी भाषा परकीयांस फार अवघड. बोलणाऱ्याचा दर्जा, ऐकणाऱ्याचा मान, स्त्री बोलते कीं पुरुष, यांप्रमाणें तिच्यांत शब्द बदलतात. गोन्सालो यांनीं ती थोड्याच काळांत उत्तम आत्मसात केली. स्वभाव गोड, वागणूक नम्र, त्यामुळें लोक त्यांच्याकडे सहज ओढले जात. सुमारें आठ वर्षें त्यांनीं धर्मशिक्षक म्हणून धर्मगुरूंच्या हाताखालीं सेवा केली. गांवोगांव जावें, मुलांस व प्रौढांस धर्मतत्त्वें शिकवावीं, धर्मगुरूंचें बोलणें लोकांस आणि लोकांचें बोलणें धर्मगुरूंस समजावून द्यावें, असा त्यांचा क्रम होता.

या सर्व सेवेच्या पाठीशीं एक आशा होती. कधीं तरी आपणांस येशूसंघांत प्रवेश मिळेल, असें त्यांस वाटत होतें. परंतु तो मिळाला नाहीं. त्या काळीं हिंदुस्थानांत जन्मलेल्यांस व मिश्र वंशाच्या तरुणांस संघांत घेण्यास वरिष्ठ नाखूष असत. मनुष्याची पात्रता पाहण्याआधीं त्याचा जन्म पाहिला जाई. हें सांगतांना आम्हांस संकोच वाटत नाहीं. कारण संतांच्या चरित्रांतून माणसांचे दोष पुसून टाकल्यानें देवाचें गौरव वाढत नाहीं. ख्रिस्तसभेच्या सेवकांकडूनही अन्याय होऊं शकतो, आणि ज्याच्यावर तो होतो त्यास केवळ समाधान मानण्याचा उपदेश करणें हें बहुधा ज्याचें पोट भरलें आहे त्याचें काम असतें.

आशा मोडली म्हणजे माणसापुढें दोन वाटा दिसतात. एक, जेथें आहों तेथेंच राहून आंतल्या आंत कुढत बसणें आणि बाहेरून समाधानाचें सोंग आणणें. दुसरी, ज्यांनीं दार उघडलें नाहीं त्यांच्याबरोबर त्यांच्या देवालाही सोडून देणें. गोन्सालो यांनीं दोन्ही वाटा टाळल्या. त्यांनीं ती सेवा सोडली, परंतु श्रद्धा सोडली नाहीं. चरितार्थासाठीं ते व्यापारांत शिरले.

व्यापारी गोन्सालो

पूर्वेच्या समुद्रावरील व्यापाराचा तो भरभराटीचा काळ होता. मकावहून चिनी रेशीम भरून पोर्तुगीज जहाजें जपानांत नागासाकी बंदरास येत आणि त्याच्या बदल्यांत जपानी चांदी घेऊन परत जात. भाषा जाणणारा, प्रामाणिक आणि लोकांच्या विश्वासांतला मनुष्य अशा व्यापारांत मागें राहत नाहीं. गोन्सालो यांचा धंदा वाढला. निरनिराळ्या ठिकाणीं त्यांच्या पेढ्या निघाल्या. ज्याचा जन्म विचारला जात होता त्याची पत आतां विचारली जाऊं लागली.

वाचकहो, येथें क्षणभर थांबावें. ज्या निराळ्या जीवनाचीं स्वप्नें आपण पाहतों, तें याहून फारसें वेगळें नसतें. पैसा, मान, स्वतःचा धंदा, कोणाची ताबेदारी नाहीं. गोन्सालो यांनीं येथेंच विसांवा घेतला असता तर कोणीही त्यांस दोष दिला नसता. व्यापार करणें हें पाप नव्हे, आणि कष्टानें मिळविलेलें धन उपभोगणें हेंही पाप नव्हे. पूर्वीची निराशा विसरण्यास याहून चांगलें औषध कोणतें?

तरी त्यांची जुनी इच्छा गेली नाहीं. आम्हांस वाटतें, या चरित्राचें मर्म येथें आहे. मनुष्याच्या पुष्कळशा इच्छा भुकेसारख्या असतात. पोट भरलें कीं त्या शांत होतात आणि पुढें दुसऱ्याच कशाची तरी भूक लागते. परंतु एखादी इच्छा अशी असते, कीं ती नकारानें मरत नाहीं आणि संपत्तीनेंही झांकली जात नाहीं. गरिबींत ती होती. श्रीमंतींतही ती तशीच राहते. अशा इच्छेस असंतोष म्हणून दडपून टाकूं नये. ती देवाकडून आलेली हांक असण्याचा पुष्कळ संभव आहे.

मनिलांतील मठ

व्यापाराच्या निमित्तानें गोन्सालो वारंवार फिलिपाइन्स बेटांतील मनिला शहरीं जात. तेथें त्यांची फ्रान्सिस्कन संघाच्या मठवासीयांशीं ओळख झाली. या संघाचे संस्थापक असिसीचे संत फ्रान्सिस हे स्वतः कापडाच्या एका धनिक व्यापाऱ्याचे पुत्र होते, आणि त्यांनीं तें सर्व सोडून दारिद्र्याचें व्रत घेतलें होतें. व्यापारी गोन्सालो यांस त्या मठांत स्वतःच्याच मनाची ओळख पटली असावी, असें आम्हांस वाटतें. त्यांचें जाणें-येणें वाढलें, ओढ वाढली, आणि अखेरीस पेढ्या व व्यवहार सोडून त्यांनीं मनिलांत फ्रान्सिस्कन संघाचा झगा अंगावर घेतला.

त्यांनीं तो धर्मगुरू म्हणून नव्हे, तर ब्रदर म्हणून घेतला. ब्रदर म्हणजे मठांतील साधा धर्मबंधु. तो मिस्सा अर्पीत नाहीं, पापनिवेदन ऐकत नाहीं. मठाचें दार उघडावें, स्वयंपाक करावा, बागेंत खपावें, आजाऱ्यांची शुश्रूषा करावी, भिक्षा मागून आणावी, हीं त्याचीं कामें. कालपर्यंत ज्याच्या हाताखालीं माणसें होतीं, तो आज सर्वांच्या हाताखालचा झाला. आणि या जागेवर मात्र गोन्सालो संतुष्ट राहिले. ते पुढें धर्मगुरू झाले नाहींत; मरेपर्यंत ब्रदरच राहिले.

समाधान आणि आकांक्षा यांचा मेळ त्यांनीं असा घातला. जीवन बदलण्याची इच्छा त्यांनीं मोठी धरली, पण बदललेल्या जीवनांत आपल्या वाट्यास आलेल्या आसनाविषयीं कुरकुर केली नाहीं. आपण बहुधा याच्या उलट करतों. जीवन आहे तसेंच ठेवतों आणि त्यांतल्या त्यांत वरचें आसन मिळावें म्हणून झुरतों.

दरबार आणि रुग्णालय

१५९३ सालीं फिलिपाइन्सचे स्पॅनिश गव्हर्नर दासमारिनास यांनीं जपानचा सर्वाधिकारी हिदेयोशी याच्याकडे वकिलात पाठविली. हिदेयोशीनें फिलिपाइन्सनें आपलें वर्चस्व मान्य करावें अशी मागणी केली होती, आणि कोरियावर स्वारी केल्यामुळें त्याचा दरारा सर्वत्र पसरला होता. वकिलातीचे प्रमुख फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता हे होते. त्यांस जपानी येत नव्हती. दुभाष्या म्हणून ब्रदर गोन्सालो बरोबर गेले. क्यूशू बेटावरील नागोया येथें हिदेयोशीचा तळ होता, तेथें भेट झाली. रागीट व बलाढ्य राजपुरुषापुढें एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर अनर्थ ओढवला असता. धर्मशिक्षक असतांना गांवोगांव फिरून शिकलेली भाषा अशा वेळीं उपयोगी पडली. जीं आठ वर्षें व्यर्थ गेलीं असें एके काळीं वाटलें असेल, तींच आतां कामास आलीं.

हिदेयोशीनें १५८७ सालींच परकीय धर्मप्रचारकांनीं देश सोडावा असा हुकूम काढला होता. तो अंमलांत मात्र कडकपणें आणला जात नव्हता. वकिलातीच्या निमित्तानें आलेल्या या मठवासीयांस राहण्याची मोकळीक मिळाली. क्योटो शहरांत त्यांनीं मठ व ख्रिस्तमंदिर बांधलें आणि जवळच गरिबांसाठीं व महारोग्यांसाठीं रुग्णालयें काढलीं. ज्यांस घरच्यांनीं टाकून दिलें होतें, असे रोगी तेथें आश्रयास आले. त्यांचीं दुखणीं त्यांच्याच भाषेंत ऐकून घेणें हें जखमा धुण्याइतकेंच मोठें काम होतें, आणि मठांत तें गोन्सालो यांच्याइतकें कोणास साधण्यासारखें नव्हतें. वसईचा विद्यार्थी, जपानचा धर्मशिक्षक, समुद्रावरचा व्यापारी हे सर्व त्या ब्रदरच्या झग्याआड हजर होते.

रक्तसाक्ष्य

१५९६ च्या ऑक्टोबरांत मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलें सान फेलिपे नांवाचें मालानें भरलेलें स्पॅनिश जहाज वादळांत सांपडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. हिदेयोशीनें त्यांतील माल जप्त केला. त्या प्रसंगीं जहाजावरील एका अधिकाऱ्यानें स्पेनच्या राजाच्या सामर्थ्याविषयीं बढाई मारली आणि प्रथम धर्मप्रचारक येतात व मागून सैन्य येतें असा संशय निर्माण केला, असें सांगितलें जातें. हिदेयोशीचा क्रोध भडकला. ८ डिसेंबर १५९६ रोजीं क्योटोच्या मठाभोंवतीं पहारा बसला आणि पुढें सर्वांस कैद झाली.

३ जानेवारी १५९७ रोजीं कैद्यांच्या डाव्या कानाचा कांहीं भाग कापण्यांत आला. नंतर त्यांस गाड्यांवर बसवून शहरांतून फिरविलें, आणि ऐन थंडींत नागासाकीपर्यंतचा लांबचा प्रवास सुरू झाला. निघाले तेव्हां ते चोवीस होते. वाटेंत त्यांची सेवा करणारे आणखी दोघे त्यांत घातले गेले आणि संख्या सव्वीस झाली. सहा फ्रान्सिस्कन, येशूसंघाचे तिघे जपानी सभासद व सतरा जपानी श्रावक, असे ते सव्वीस होते. त्यांत बारा-तेरा वर्षांचीं मुलेंही होतीं.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. क्रुसावर प्रथम चढविण्यांत आले ते गोन्सालो, अशी परंपरा आहे. दोन भाल्यांनीं त्यांचा देह विंधला गेला. त्या वेळीं त्यांचें वय सुमारें चाळीस वर्षांचें होतें. ज्या येशूसंघानें त्यांस आपल्यांत घेतलें नव्हतें, त्या संघाचे संत पॉल मिकी व दोन सोबती त्याच रांगेंत क्रुसावर होते. त्या टेकडीवर कोण कोणत्या संघाचा आणि कोणाचा जन्म कोठला, हा प्रश्न उरला नाहीं.

१६२७ सालीं पोप आठवे अर्बन यांनीं गोन्सालो यांस धन्यवादित पद दिलें आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांस व त्यांच्या सोबत्यांस संतपद दिलें. नागासाकीच्या त्या टेकडीवर १९६२ सालीं सव्वीस जणांच्या मूर्तींचें स्मारक उभारण्यांत आलें. त्यांत आपल्या वसईचा पुत्रही उभा आहे. इकडे वसईंत गास येथील ख्रिस्तमंदिर त्यांच्या नांवानें आहे, त्यांच्या नांवाचें महाविद्यालय आहे, आणि किल्ल्यांत त्यांच्या स्मरणार्थ भाविक जमतात.

आपणांस काय घेतां येईल

संतांचें जीवन जसेंच्या तसें उचलतां येत नाहीं. आपणांपैकीं फारच थोडे दूरदेशीं धर्मसेवेस जातील. कोणाच्या घरीं अंथरुणाला खिळलेली आई आहे, कोणाच्या डोक्यावर जागेचें कर्ज आहे, कोणाचीं मुलें लहान आहेत. अशांनीं सर्व सोडून निघावें, असें आम्ही म्हणत नाहीं. आणि जें नशिबीं आहे तें मुकाट्यानें सोसावें, असेंही म्हणत नाहीं. गोन्सालो यांच्या चरित्रांतून आम्हांस तीन गोष्टी दिसतात.

पहिली, इच्छेची पारख करावी. शेजाऱ्याचें पाहून उठलेली इच्छा त्याच्यासारखें मिळालें कीं विरते. वर्षानुवर्षें टिकलेली, आणि स्वतःस काय मिळेल यापेक्षां आपल्या हातून काय घडेल हें विचारणारी इच्छा असेल, तर तिला भिऊं नये. मुलीला परिचारिका व्हावयाचें असेल, मुलास पगाराची नोकरी सोडून शेतीकडे वळावयाचें असेल, तर आईबापांनीं लगेच नन्नाचा पाढा वाचूं नये.

दुसरी, आजचें जीवन टाकाऊ समजूं नये. गोन्सालो यांची भाषा, व्यवहारज्ञान, लोकांचा विश्वास हें सर्व पुढील जीवनांत लागलें. गाडीच्या गर्दींत, दुकानांत, कचेरींत आज आपण जें शिकतों तें कोठें कामास येईल हें आज कळत नाहीं. म्हणून आजचें काम चोख करावें. समाधानाचा खरा अर्थ हाच आम्हांस दिसतो.

तिसरी, निराळें जीवन नेहमीं निराळ्या गांवींच सांपडतें असें नाहीं. दार उघडणें, भाकरी वाढणें, जखम धुणें हींच ब्रदर गोन्सालो यांच्यासारख्यांचीं कामें होतीं. आजाऱ्यापाशीं बसलेली जी सून दिव्याच्या चाळींत हींच कामें प्रेमानें करते, तिनें आपलें जीवन वायां गेलें असें मानूं नये. तथापि तें समाधान तिनें स्वतः मानावयाचें आहे. घरांतील इतरांनीं तिला तें शिकवावयाचें नाहीं. त्यांनीं तिचा भार वांटून घ्यावा.

शेवटीं एक गोष्ट सांगून आम्ही रजा घेतों. दिव्याहून खाडीपलीकडे जें ठाणें, तेथें १३२१ सालीं टोलेंटिनोचे थॉमस व त्यांचे तीन सोबती यांनीं ख्रिस्तासाठीं रक्त सांडलें. ते फ्रान्सिस्कन संघाचे होते आणि चीन देशाच्या वाटेवर असतां आपल्या या किनाऱ्यावर उतरले होते. त्यानंतर पावणेतीनशें वर्षांनीं याच किनाऱ्यावरचा एक मुलगा तोच झगा अंगावर घेऊन पूर्वेकडे गेला आणि ती साक्ष पुरी करून गेला. ज्युबिलीच्या या वर्षीं आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक कुटुंबानें एकदां तरी वसईच्या गाडींत बसावें, किल्ल्यांत जावें, आणि संत गोन्सालो यांच्या मध्यस्थीनें दोन दानें मागावीं : जें आहे त्याबद्दल कृतज्ञ अंतःकरण, आणि देव पुढें बोलावील तेव्हां उठण्याचें बळ.